चौथं अक्षर

आमची पहिली नऊ अक्षरं म्हणजे मुळात आकडे आहेत.
कुणा जुन्या लेखनिकाने एक ते नऊ उचलले,
त्यांच्यावर-खाली स्वरांच्या बारीक रेघा ठेवल्या
आणि मोजायची गोष्ट बोलायला लागली.
हे मी दरवर्षी पहिलीला सांगते.
दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मग शून्याचं काय झालं?
समुद्रात पडलं असेल, म्हणते मी.

यंदा शाळेत नऊ मुलं.
म्हणजे, होती.

मार्चमध्ये अधिकारी आले स्पीडबोटीतून,
बूट हातात, फाईल छातीशी.
जेट्टीवरच विचारलं, पट किती?
नारळ फोडून दिला, तो प्यायले.
नऊ मुलांना चार शिक्षक, एक शिपाई, एक जनरेटर,
असं म्हणून माझ्याकडे बघितलं,
जशी काही मीच डिझेल पिते.

भिंती प्रवाळाच्या. पावसाळ्यात खडू दमट होतो,
फळ्यावर उमटत नाही, नुसता घसरतो,
मग मुलं अंगणातल्या वाळूत काठीने लिहितात
आणि मधल्या सुट्टीत स्वतःच्याच शुद्धलेखनावरून धावतात.
भूगोलाचे सर परदेशातून आलेले,
आईचं आजारपण सांगून गेले ते गेलेच.
तेव्हापासून सातवीला मीच शिकवते,
मुलांच्या एक धडा पुढे राहून.
'पर्वत' आला तेव्हा झाईलने विचारलं,
आपल्याकडे सगळ्यात उंच काय?
आम्ही सगळे बाहेर जाऊन बघितलं.
पाण्याची टाकी.

राऊधा हजेरीत चौथी.
तिच्या वहीला दोन तोंडं होती:
उजवीकडून आमची भाषा, डावीकडून इंग्रजी.
दोन्ही लिप्या रोज एकमेकींकडे
पान-पान चालत येत होत्या.
मधली सात पानं कोरी उरली होती
तेव्हा तिच्या वडिलांनी फ्रीज विकला.
माले. दहावीनंतर इथे आहे काय, म्हणाले.
मी काय बोलणार?
माझा स्वतःचा मुलगा तिथेच शिकला,
आता तिथल्याच लिफ्ट दुरुस्त करतो.

चारचं अक्षर आमच्याकडे र.
बेटाला आम्ही जे म्हणतो, त्याची सुरुवात र.
माडाचीसुद्धा.

शनिवारी तिचा फोन आला.
सहावा मजला. खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी.
वर्गात तिचा नंबर एकतीस.
"मिस, एकतीसचं अक्षर कुठलं?"
आमची अक्षरं चोवीसच, हे तिला पाठ आहे.
तिला उत्तर नको होतं, ते मला कळत होतं.
तरी मास्तरकी सुटत नाही.
म्हटलं, तीन आणि एक. न आणि ह. जोडून वाच.
ती थोडा वेळ गप्प. मागे कुणाचा तरी मिक्सर.
"असा शब्दच नाही, मिस."
मग नेटवर्क गेलं, किंवा तिनेच ठेवला.

तिची वही माझ्या कपाटात आहे.
कोऱ्या पानांवर मी काही लिहीत नाही.
एकदा फक्त मोजली. सहाच भरली.
एक फाडून नेलेलं दिसतंय.

आज हजेरी घेताना तिसऱ्या नावानंतर थांबले.
सगळ्यात धाकटा यायिश, ज्याचे दोन दात पडलेत,
फिस्कारत म्हणाला, मिस, पुढचं.

मग पुढचं.

दुपारी फॉर्म भरला. पट: आठ.
आठचं अक्षर विचित्र आहे,
त्याला स्वतःचा आवाजच नाही.
वर किंवा खाली जो स्वर ठेवाल
त्याचाच उच्चार ते करतं,
आणि काहीच ठेवलं नाही तर नुसतं उभं राहतं.
बोट गुरुवारी येते. फॉर्म तिच्यातून जाईल.

शिपाईबाई नाहुला घंटा देते आहे,
म्हणजे शेवग्याला टांगलेलं
जुन्या बोटीच्या पंख्याचं पातं.
एक मारून ती बघते माझ्याकडे,
किती टोले द्यायचे, हे रोज विसरते.
मी बोटं दाखवते.