फर्गलच्या तोंडी

फर्गल दारातून येत नाही, बाटलीतून येतो.
आधी ग्लास, मग हात, मग लाल दाढी,
मागं कुठंतरी बासरी.
बोस्टनमधला बार, भिंतीवर हिरवी तीन पानं,
आणि इथं साखर पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
खालचा यंत्रमाग अकराला थांबला
की मला त्याच्या ओठांत मराठी बसवायची असते.

भाग तिसरा. सेकंद चौदा ते सतरा.
ओठ तीनदा मिटतात. म्हणजे प, ब किंवा म.
‘बापाची शपथ’ बसतं.
‘आईची’ बसत नाही.
आई पडद्यावर आहेच तशी,
जपमाळ घेऊन, खिडकीशी, पाठमोरी.
सहा भाग झाले, तिला एक वाक्य नाही.
मला वाक्यामागं पैसे मिळतात,
तिचे कधी मिळाले नाहीत.

मुंबईहून तेजल मॅडमचा निरोप:
‘हा आयरिश ना, रांगडा वाटला पाहिजे.
त्याला जरा तुमचं ते सोलापुरी द्या,
बे वगैरे. लोक हसतील.
डिटेक्टिव्ह मात्र शुद्ध ठेवा.’

तुमचं ते.

घरात तेलुगू, म्हणून चौथीत मी
‘तो भाकरी’ म्हणाले होते.
अजून कुणीतरी हसतंय त्या वर्गात.
आमचा माणूसही मालिकेत येतो तो चहाचा ट्रे घेऊन,
बनियनवर, खांद्यावर टॉवेल.
टॉवेल तेवढा खरा.

सातव्या भागात फर्गलचा भाऊ उगवतो,
बेलफास्टहून. बॅगेत काय आहे
ते संगीतच सांगून टाकतं.
दोघं भांडतात. गोदाम पेटतं.
नाना मागं येऊन उभे, हातात भाकरीवर शेंगाचटणी:
‘एमैंदी? कशावरनं जुंपली?’
मी मागं नेते, पुन्हा मागं नेते.
आठशे वर्षांसाठी एकच वाक्य सापडतं:
‘ते लई जुनं आहे, पोरा.’
तीन सेकंद. मग गोळी.

नाना खुर्ची ओढतात.
‘जुनं तर आमचंबी आहे की.
साल तीस. गावात लष्कर.
डोक्यावर पांढरी टोपी म्हंजे गुन्हा.
माझ्या आजानं टोपी मागाच्या खड्ड्यात पुरली,
आन् तिच्यावर पाय ठेवून लुगडं विणलं.
अक्षर येत न्हवतं त्याला,
पण भांडण कशाचं ते विचारलं असतंस
तर माग थांबवून सांगितलं असतं.
ह्यांला सांगता येईना?’

येईल की, नाना.
पण करपलेले बटाटे, थकलेला खंड, हिसकावलेली शेतं,
शाळेत मार खाऊन गप झालेली भाषा,
एवढ्या सगळ्याला ओठ मोकळे लागतात
आणि फर्गलच्या ओठाला ग्लास आहे.

मी त्याला साधी मराठी दिली.
शिक्षक बोलतात तशी, सुटीच्या दिवशी.
फाइल परत आली: ‘रंग गेला.’

मग मी रंगच सांडला.
डिटेक्टिव्हला दिलं बे. न्यायाधीशाला दिलं.
सिनेटरची बायको मोती सावरत म्हणाली,
‘पोलीस कशाला बोलावले बे?’
नाना हसून हसून ठसकले,
पाणी द्यावं लागलं.
‘आता कोण कुठला कळंना बे.’

शेवटी खिडकीशी गेले.
पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत,
काहीही बसतं.
तिथं मी, फार हळू, नानांचा प्रश्न ठेवला.

परवा लागली मालिका.
न्यायाधीश शुद्ध. सिनेटरची बायको शुद्ध.
सगळे बे गोळा करून फर्गलच्या तोंडी,
आणि लोक हसले असणार.

फक्त गोदाम पेटताना, आगीच्या आवाजाखाली,
खिडकीतली बाई विचारते: एमैंदी?
तेवढं कापायचं
कुणाच्या लक्षातच आलं नाही.