अडीचशे तासांची नोंदवही

गुरुवारी शेवटची घंटा झाली की
फळ्यावर अर्धं सोडवलेलं समीकरण तसंच टाकून निघते.
कर्नीपर्यंत एकशे चाळीस मैल,
दोन्हीकडे नेब्रास्काचं वाळलेलं गवत,
आणि शेजारच्या सीटवर
शालेय अर्थव्यवस्थापनाचा ठोकळा,
त्यालाही पट्टा लावलेला,
नाहीतर गाडी सारखी टुणटुणते.

त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी.
पुढच्या बाकावर डार्विन शिमर्का,
माझ्याच रसायनात दोनदा गटांगळ्या खाल्लेला,
आता कुस्ती शिकवतो, आणि माझी टिपणं मागतो.
मी देते. अक्षर जरा वाईट काढून.

प्राध्यापक हाल्वरसन म्हणाले,
ही एक कागदी शाळा घ्या :
मुलं शहाण्णव, शिक्षक अकरा, बस दोन.
तूट बारा टक्के. आठवड्यात तोंडमिळवणी करून आणा.
कागदी म्हणे!
मी पहिल्या ओळीतच ओळखलं तिला,
पाठमोरी असली तरी आई ओळखू येते तसं.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
आधी मैदानाचं पाणी तोडलं. मग छपाई.
मग बँड,
म्हणजे प्रोखास्का सर, सव्वीस वर्षं, एक ट्रम्पेट.
तरी तूट आ वासून.
शेवटी दुसरी बस.
जुळलं. अव्वल श्रेणी मिळाली.
शेऱ्यात एकच शब्द : निर्णयक्षम.
तो कागद मी घरी कुणाला दाखवला नाही.

आता प्रत्यक्ष अनुभवाचे अडीचशे तास.
मुख्याध्यापिका क्विस्ट बाईंनी किल्ल्यांचा जुडगा हातात दिला,
एकतीस किल्ल्या, चिठ्ठी एकीलाही नाही.
फेब्रुवारी, सकाळी पावणेआठ, उणे एकोणीस.
मी दारात उभी राहून बस मोजतेय :
एक.
एक.
एक.

दुसरी आली पंचवीस मिनिटांनी.
अर्लीन खिडकी खाली करून म्हणाली,
शेवटच्या फाटकाशी पोरं दिसेनात,
म्हणून चालत आत गेले.
आई रात्रीच दवाखान्यात नेलेली,
थोरली धाकट्यांना जेवू घालत होती, स्टुलावर चढून.
म्हटलं, खाऊन घ्या आधी.
टोस्ट मी भाजले.
उशिराची नोंद करायची तर माझ्या नावावर कर.

बसमधली बाकीची चौदा मुलं
गपगुमान उतरली. एकानंही कुरकुर केली नाही.

नोंदवहीत रकाने आहेत :
तारीख. वेळ. कोणतं कौशल्य.
मी लिहिलं, अर्धा तास.
मग ‘वाहतूक’ लिहिलं, खोडलं.
‘समाजसंपर्क’ लिहिलं, तेही खोडलं.
पेन थंडीनं अडत होतं, असं समजू या.

दुपारी अर्लीननं विचारलं,
तिकडे एवढ्या लांब जाऊन शिकवतात तरी काय गं?
वजाबाकी, मी म्हटलं.
ती हसली. तिच्या हातमोज्याच्या अंगठ्याला
अजून जॅम लागलेला होता.

बॉयलरच्या खोलीची किल्ली कोणती,
ते मला अजून कळलेलं नाही.