बटणाची जागा

आमच्या गावात लोक हिवाळ्यात सुटतात,
माझा नवरा उन्हाळ्यात.
असाहिकावातल्या डॉक्टरांचं गणित
तोकुजीपाशी येऊन चुकतं.

डिसेंबर ते मार्च तो बर्फ उपसतो.
पहाटे नगरपालिकेचं यंत्र फिरून गेलं
की दाराशी उरलेला तो टणक बांध:
आधी आमचा,
मग पलीकडच्या हिसानोबाईंचा,
ज्यांना नको म्हणता येत नाही,
मग टपालपेटीपर्यंत एक वाट,
मग कोणाचंही, काहीही.
परततो तेव्हा टोपीतून वाफ निघत असते,
जणू भाताचं भांडं आत्ताच उतरवलंय.
तीन वाट्या भात खातो.
अंगाला लागत नाही.

मी शिवणकाम करते.
ऋतू मला खिडकीतून कळत नाहीत,
त्याच्या पँटच्या बटणावरून कळतात.
मार्चमध्ये बटण दोन बोटं आत.
मेमध्ये चेरी फुलते, बटण बाहेर येतं.
जुलैत दोरा ताणलेला,
श्वास धरून बसलेला.
कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहिली आहेत,
बर्फातून गेलेल्या चिमणीच्या पावलांसारखी,
जाताना आणि येताना.

यंदा जूनमध्ये तपासणीला गेलो.
कानाए नावाची पोरगी, टेप घेऊन वाकली.
ह्याने पोट आत ओढलं.
"सोडा," ती म्हणाली, "मी थांबते."
आणि ती खरंच थांबली.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.
एकोणनव्वद.
पंच्याऐंशीच्या आत हवं होतं.

"चार सेंटिमीटर!" घरी येऊन तो म्हणाला,
"चार सेंटिमीटर बर्फाला
मी फावडंसुद्धा उचलत नाही."

तरी सुट्ट्या लागल्यावर
साडेसहाला बागेत जाऊ लागला,
जिथे रेडिओच्या तालावर पोरं कवायत करतात.
पहिले काही दिवस कचरा टाकायच्या निमित्ताने.
घसरगुंडीमागे उभा राहायचा,
उड्यांची पाळी आली की बुटाची नाडी बांधायचा.
एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुमचं कार्ड?"
कार्ड नव्हतं.
तिने तिचं गेल्या वर्षीचं दिलं, अर्धं कोरं.
आता आमच्या फ्रिजवर
सोळा बेडूक शिक्क्याचे,
एक उलटा.

संध्याकाळी नदीकाठी चालायचं ठरलं.
पण मोकळे हात घेऊन चालायचं कसं,
हे माणसाला एकाहत्तराव्या वर्षी
कोण शिकवणार?
खिशात घालायचा, पाठीमागे बांधायचा,
पुलापर्यंत जाऊन परत.
ऑगस्टमध्ये एकदा पाहिलं,
खांद्यावर फावडं टाकून निघालाय.
चाळीस घरांवर कडक ऊन,
आणि हा बर्फाचं फावडं घेऊन.
"लोक हसतील," मी म्हणाले.
"हसू देत. ओळखीचं वजन आहे."

चमत्कार काही झाला नाही.
सप्टेंबरात बटण एक बोट आत घेतलं.
दोन नाही.
दुसऱ्या बोटाबद्दल आम्ही बोललो नाही,
त्या रात्री बटाट्याचे कटलेट होते.

माझ्याबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते.
माझ्या सगळ्या स्कर्टांना इलॅस्टिक आहे.
ते समजूतदार असतं,
कधीच काही बोलत नाही.
हिवाळाभर मी काचेआड बसून
त्याच्या टोपीतली वाफ बघत
गोड बीनच्या पोळ्या खाल्ल्या आहेत,
बत्तीस हिवाळे.

काल अंगणात बर्फकिडे दिसले,
पांढऱ्या कापसाचा ठिपका पाठीवर घेऊन
उडतात की तरंगतात, कळत नाही.
ते आले की आठवड्याभरात पडतोच.
एक माझ्या बाहीवर बसला.
झटकला नाही, झटकला की मरतो.

आज दाराशी दोन फावडी होती.
जुनं, त्याचं, मूठ झिजून काळी झालेलं.
आणि एक नवं, हलकं, लाल दांड्याचं,
माझ्या खांद्याएवढं उंच.
किमतीची चिठ्ठी तशीच.

"हे कोणाचं?"

तोंडात भात होता.
चावून झाल्यावर म्हणाला,
"चार सेंटिमीटर पडला की बघू."