तुटलेल्या भाकरींचा हिशेब

साल्वातोरेच्या गुडघ्यानं जबाब दिला
आणि बेकरीची पांढरी फियाट अंगणात उभी राहिली.
चार गिअर, एक दार दोरीनं बांधलेलं.
घरात कुणाला चालवता येत नव्हती.
मी एकोणसाठ वर्षांची. म्हटलं, मी शिकते.
नणंद हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

शिकवायला आला एफिसिओ.
ग्रॅनाइटच्या खाणीतल्या सुरुंगांनी
त्याचे दोन्ही कान कधीच नेले.
म्हणाला, इंजिन ऐकून गिअर बदलणारे लोक वेगळे.
मी तळपायानं ऐकतो. बूट काढ.
काढले. सार्डिनियातला मार्च,
आणि गार रबरी क्लचवर मोज्यातलं माझं पाऊल.

मागं रचलेली शंभर कारासाऊ. आमची भाकरी ही,
कागदाइतकी पातळ, दोनदा भट्टीत गेलेली,
मेंढपाळ महिनामहिना पिशवीत वागवतात ती.
डोंगरात टिकते.
माझ्या पायाखाली टिकली नाही.
पहिल्या हिसक्याला मागून आवाज आला,
पाचोळ्यावर कुणी धपकन बसावं तसा.
एफिसिओला काही कळलं नाही. मला कळलं.

त्या दिवशी बासष्ट तुटल्या.
दुसऱ्या दिवशी सत्तर.
चुरा टोमॅटोच्या रश्श्यात भिजवून खाल्ला,
मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही.
शेवटी नणंद म्हणाली, गाविना,
एक तर शिक, नाहीतर मासे आण.

चर्चच्या चढावर गाडी पाच वेळा बंद पडली.
सहाव्यांदा बाकीझिओच्या मेंढ्यांनी वेढा घातला,
दोनशे घंटा, दोनशे पाठी,
आणि मी मधोमध, हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून.
बाकीझिओ खिडकीत वाकला. म्हणाला, मोडकीच दे एखादी,
मला कुठं दात आहेत?

सोड, एफिसिओ म्हणायचा. अजून सोड. अजून.
आता थांब. तिथं! कळलं?
नाही कळलं.
मग एकदा त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली,
माझ्या ओठांकडं बघत विचारलं,
पीठ मळून झालं हे तुला कोण सांगतं?
कुणी नाही, म्हटलं. ते बोटं सोडतं.
हं, म्हणाला.
हे पाऊल धरतं.

आणि धरलं.
तळव्याच्या मध्यावर, नाण्याएवढ्या जागेत
एक बारीक कंप. गाडीनं नाक किंचित उचललं.
हँडब्रेक खाली केला तरी मागं घसरली नाही,
पुढंही गेली नाही.
चाळीस वर्षं हातांना जे ठाऊक होतं
ते पायापर्यंत उतरायला इतका वेळ का लागावा?
मी तशीच थांबून राहिले, नुसती मजा म्हणून.
मागून पोस्टाच्या बाईनं हॉर्न वाजवला.
एफिसिओ शांत. त्याचं बरं असतं.

आता वरच्या गावाची चौदा वळणं माझी आहेत.
वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात,
मधे जराशी रेस, की गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो.
उतारावर ब्रेकला हात जोडते,
इंजिनच गाडीला मागून पदराला धरून ठेवतं.
साली काढलेले बुचाचे ओक, लाल उघडे बुंधे,
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.
माल पोचवून झाला की घरी सरळ येत नाही.
धरणावरून येते. नऊ किलोमीटर जास्त.
पेट्रोलचं नणंदेला सांगितलेलं नाही.

काल वहीत लिहिलं: तुटल्या दोन.
एक खड्ड्यानं.
दुसरी मी खाल्ली, धरणाच्या चढावर,
दातांत धरून,
कारण दोन्ही हात कामात होते.