माळावरची नोंद

सत्तावीस वर्षं मी गुरांना सुया टोचल्या.
हरसूलचा दवाखाना, हाताखाली बारा पाडे
आणि लाथ खाल्ल्याशिवाय घाट न चढणारी राजदूत.

नाशिकहून एसटीच्या टपावर खोकी यायची.
आत डायक्लोफेनॅक. स्वस्त आणि गुणी.
चार दिवस पाय न टेकलेला बैल
संध्याकाळी उठून पेंढा मागायचा.
लोक नागलीची भाकरी द्यायचे, कधी कोंबडी,
डॉक्टर म्हणायचे.
मी डॉक्टर नव्हतो,
पण तसं सांगायचा धीरही नव्हता.

वाचलं ते वाचलं. मेलं ते माळावर.
तिथून पुढचं गिधाडं बघायची.
सकाळी टाकलेली म्हैस दुपारी नुसता सापळा,
घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा.
आम्ही नाकाला रुमाल लावून हसायचो,
"आली म्युनिसिपालटी!"

मग एका फाल्गुनात
जिवला भोयेनं मला हाताला धरून सादड्याखाली नेलं.
वर सहा घरटी. फांदीवर एक गिधाड,
मान खाली लोंबलेली,
जणू पडलेलं काही शोधतंय.
"दोन दिवस असंच बसलंय, साहेब.
काल एक खाली पडलं.
सुई द्या की याला."

माझ्या बॅगेत तीच सुई होती.

कागद नंतर आला. चार ओळी, गोल शिक्का, औषध बंद.
गुराच्या अंगात उरलेलं औषध
गिधाडाच्या पोटात चुन्यासारखं साचतं,
हे मला त्याहून उशिरा कळलं.
तोवर सादडा रिकामा.
माळावर कुत्री माजली,
ओढ्याचं पाणी बायांनी सोडलं,
वास पार शाळेपर्यंत.

आता मी निवृत्त. गंगापूर रोडला फ्लॅट,
गॅलरीत कुंड्या.
जावई म्हणतो, आराम करा.
महिन्यातून दोनदा मी पहिली एसटी पकडतो.

जिवला गेला. त्याची सून देवकी राखण करते,
पगार नाही, पाटी नाही.
ठेकेदार मोजपट्टी घेऊन आला तेव्हा
ती सादड्याला पाठ लावून वाल सोलत बसली,
दिवस मावळेपर्यंत.
एक शब्द बोलली नाही म्हणे.
(वाल संपले होते, नुसती टरफलं चाळवत होते, हे तिनं मला नंतर सांगितलं.)
होळीआधी पोरांना घेऊन गवत कापून जाळरेषा काढते,
वणवा घरट्यांपर्यंत येऊ नये म्हणून.
आणि कुणाचंही ढोर मेलं की दारात उभी,
शेवटची सुई कुठली? कुणी दिली? कधी?
उत्तर अडखळलं तर खड्डा खणायला लावते.

परवा तिचाच बैल गेला. म्हातारा होऊन,
एकही सुई न घेता.
तरी तिनं मला विचारलंच.
मीही जुनी वही उघडून दाखवली.

सादड्यावर यंदा दोन घरटी.
जोडीला वर्षाचं एकच अंडं.
इतक्या सावकाश फिटतं हे.
माझं वय सदुसष्ट, मी हिशेब केला नाही.

बैल माळावर ठेवला. आम्ही लांब, बांधाआड.
दहाच्या सुमाराला उन्हातून एक सावली सरकली,
मग दुसरी.
देवकीनं बोटं मोडून मोजलं, पाच.

वारा आमच्याकडे फिरला.
मी रुमाल खिशातच राहू दिला.