हजेरीपट

ठाण्याच्या किल्ल्याच्या दरवाजात बांबू रोवलाय,
पाच फूट तीनवर खाच.
डोकं खाचेखाली राहिलं, की
परत मिठागरावर.

मी कारकून. नाव, बाप, गाव, खुणा:
भिकनाक वल्द धर्मनाक, मौजे बेलापूर,
डाव्या गालावर देवीचे वण चार.
वण मोजायला मला मान वर करावी लागली.
त्याच्या जातीचं तोंड
इतक्या जवळून मी पाहिलं नव्हतं.

पगार रुपये सात.
लाल डगल्याचे वजा, बुटांचे वजा
(बूट त्यानं पायांपेक्षा खांद्यावरच जास्त वागवले).

भाद्रपदात कळव्याच्या चौकीवर
तापानं गेला.
साहेबाच्या कानावर कुणी घातलं नाही.
साहेब टोप्या मोजतो.

पगाराच्या दिवशी मी पुकारलं, भिकनाक!
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, हाजीर.
कोण, ते मी पाहिलं नाही.
बोरू बुडवला, हजर मांडला.

आज चौथा महिना.
यशी खाडीतून होडीनं येते,
दरवाजाबाहेर पदर पसरून उभी राहते.
सरकारची एवढी चोरी पचवली मी,
तरी रुपये टाकतो ते वरूनच.
हात खाली येत नाही.