माउंट

अंतोफागास्ता, रात्रीचे तीन.
भूकंपमापकाचा सर्व्हर सत्त्याण्णव टक्के भरलाय,
जमीन काही थरथरायची थांबत नाही.

नवी डिस्क खाचेत सरकवली. टक्.
फॉरमॅट केली,
झोपेच्या भरात जुन्याच फोल्डरवर माउंट केली,
आणि एकोणीस वर्षांचे हादरे नाहीसे.

घशाला कोरड.
दारातून पहारेकरी एलेउतेरिओ: "झालं का, यास्ना?"

थांब.
गेले नाहीत ते. खाली आहेत,
नव्या फरशीखाली जुनी फरशी असते तसे.
अनमाउंट.
सगळे जागच्या जागी.

आता नीट. वेगळा, रिकामा फोल्डर.
आणि एफएसटॅबमध्ये एक ओळ,
वीज जाऊन आली की यंत्राने
हिला परकी म्हणू नये म्हणून.

चहावर वलय उठतं.
कोऱ्या डिस्कवर पहिली नोंद:
दोन पूर्णांक एक. किरकोळ.